कुसुमचे पंधरा सेंटीमीटर

परवा शनिवारी शाळेत तुझी शोकसभा झाली, कुसुम. सकाळची शाळा, त्यामुळे अकराला मुलांना घरी सोडलं आणि आम्ही शिक्षक तेवढे हॉलमध्ये बसलो. तुझ्या नववीच्या मुली मात्र घरी जाईनात. चपला हातात घेऊन दाराबाहेर उभ्या राहिल्या, तेव्हा हेडमास्तरांनीच त्यांना आत बोलावून घेतलं. हेडमास्तर चांगलं बोलले. तुला ठाऊकच आहे, ते लग्नातही चांगलं बोलतात आणि मयतातही. तुझा वक्तशीरपणा झाला, तुझं फळ्यावरचं अक्षर झालं, आणि मग ते म्हणाले, "कुसुमताईंना कॉलेजात विज्ञान झेपलं नाही आणि त्या कलाशाखेकडे वळल्या, हे आपल्या शाळेचं भाग्यच म्हणायचं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उठले, तुझ्या हसण्याबद्दल काहीतरी बोलले आणि लगेच खाली बसले. हुंदका आला म्हणून बसले असं सगळ्यांना वाटलं. हुंदका होता, तो काही खोटा नव्हता. पण बसले ती घाबरून. सात वर्षांपूर्वी अंधेरीच्या कॉलेजात घाबरले होते तशीच. त्या वेळी निदान मी एकोणीस वर्षांची होते. आता तुझ्या नववीच्या सत्तावीस पोरींच्या डोळ्यांदेखत, बी.एस्सी., बी.टी. अशी लांबलचक शेपटी नावामागे लावून घाबरले.

म्हणून हे लिहितेय. तू असतीस तर म्हणाली असतीस, "सुमे, लिहितेस काय, बोल की तोंडाने." ते मी काल केलं. ते शेवटी सांगते. आधी सगळं क्रमाने, कारण तुला क्रम चुकलेला आवडत नसे.

फर्स्ट इयर सायन्सला आपण मुली होतो पाच. हजेरीपटात मुलींची नावं मुलांच्या नंतर, अगदी शेवटी. प्रॅक्टिकलच्या जोड्या हजेरीच्या नंबरावरून लागायच्या, म्हणून तू आणि मी एका टेबलाशी आलो. नाहीतर आपली ओळख होण्याचं काही कारण नव्हतं. मी अंधेरीच्या पश्चिमेकडची, वडील सरकारी कचेरीत, घरी सोवळंओवळं. तू स्टेशनच्या पूर्वेकडच्या चाळीतली, बाबा गिरणीत लूमवर, आणि तुझा आवाज असा की पहिल्याच दिवशी तू मला हाक मारलीस तेव्हा सगळी लॅबोरेटरी वळून बघायला लागली. तुझ्या डब्यातले घावणे मी पहिल्या आठवड्यातच खाल्ले. कोलंबीला हात लावायला मात्र वर्ष लागलं. "आईला सांगू नकोस हं," मी म्हणाले, तर तू म्हणालीस, "मी कशाला सांगू? तुझ्या तोंडाचा वास सांगेल."

तुझ्या घरचा करार मला पहिल्यापासून माहीत होता. तुझ्या बाबांनी तुला दोन वर्षं दिली होती. "दोन वर्सां दितंय तुका. इंटर पास झालंस तर फुडे शीक, माझी ना नाय." दोन म्हणजे दोन. फर्स्ट इयरचं एक, इंटरचं एक. तुझ्या पाठचे दोघे भाऊ शाळेत होते आणि चाळीत तुझ्याएवढ्या सगळ्या पोरींची लग्नं झाली होती. इंटर सायन्स झालीस की बी.एस्सी. करायचं, फिजिक्स घ्यायचं, एवढंच तुला हवं होतं. डॉक्टरकी नको, काही नको. "मला ना, यंत्राला डोळा लावून बसायला आवडतं," असं तू म्हणायचीस. मला काय आवडतं ते मला ठाऊक नव्हतं. मार्क चांगले पडले होते म्हणून मी सायन्सला आले होते.

आता जर्नलचं. ज्यांनी सायन्स केलेलं नाही त्यांना सांगावं लागेल की प्रत्येक प्रयोग करून, त्याचे आकडे जर्नल नावाच्या वहीत लिहून, त्यावर डेमॉन्स्ट्रेटरची सही घ्यायची असते. सगळ्या सह्या झाल्या नाहीत तर टर्म मिळत नाही, आणि टर्म नाही तर परीक्षा नाही. आणि जे कोणी सांगत नाही ते असं, की दर वर्षी मागच्या मुलांची जुनी जर्नलं पुढच्यांकडे येतात. भिंगं तीच, तारा त्याच, वजनं तीच. मग उत्तरही तेच. प्रयोग नुसता केल्यासारखा करायचा आणि जुन्या जर्नलातले आकडे थोडेसे इकडे तिकडे करून उतरवायचे. कोणी ह्याला चोरी म्हणत नसे. 'आकडे जुळवणं' म्हणायचे. इंटरला आपल्या बॅचला जे जर्नल मिळालं ते माझ्या आतेभावाचं होतं. ते मी आणलं होतं. मीच, हौसेने, ब्राऊन पेपरचं कव्हर घालून. दोन महिन्यांत ते साठ जणांच्या हातून फिरलं आणि मी एकदम सगळ्यांची लाडकी झाले.

तू त्याला हात लावला नाहीस. उपदेशही केला नाहीस, हे तुझं चांगलं. "तुम्ही करा गं, मला ते जुळवताना जास्त वेळ लागतो," एवढंच म्हणालीस. आणि ते खरंही होतं, तुला खोटा आकडा सुचायचाच नाही.

भिंगाचा प्रयोग त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर आला. लाकडी बाकावर मधोमध भिंग, दोन्ही बाजूंना उभ्या पिना, एक डोळा मिटून पिनेचं टोक आणि त्याच्या प्रतिमेचं टोक जुळवायचं आणि त्यावरून भिंगाची फोकल लेंथ काढायची. पिन तू सरकवलीस, पट्टीवरचं अंतर मी वाचलं. उत्तर आलं पंधरा सेंटीमीटर. जर्नलात होतं वीस. आपण पुन्हा केलं. पंधरा. तू जागा बदललीस, मी पिन सरकवली, तू वाचलंस. पंधरा. चौथ्यांदा केलं तेव्हा मला भूक लागली होती आणि मी वैतागले होते. आधी पाळी झालेल्या सगळ्या जोड्या वीस लिहून मोकळ्या झाल्या होत्या. भिंग त्या प्रयोगाला एकच होतं, सगळ्या जोड्यांनी पाळीपाळीने तेच वापरलेलं. मी म्हणाले, "चल, वीस लिहू." तू म्हणालीस, "तू लिही. मला पंधरा दिसलंय." मी वीस लिहिलं, तू पंधरा. त्या दिवशी त्याचं आपल्याला काहीच वाटलं नव्हतं. आपण खाली जाऊन शेंगदाणे खाल्ले.

सह्यांचा शेवटचा दिवस फेब्रुवारीत होता. डेमॉन्स्ट्रेटर सबनीस सरांसमोर साठ जर्नलांचा ढीग आणि पलीकडे आपण रांगेत. सबनीस सर वाईट माणूस नव्हते. मी त्यांच्याबद्दल इतकी वर्षं मनात वाईट बोलत आले, कारण ते सोयीचं होतं. पण माणूस सरळ होता, थोडा तिरसट, आणि त्या दिवशी त्यांचं डोकं दुखत होतं. तुझ्या वहीतलं ते पान त्यांनी उघडलं आणि म्हणाले, "पंधरा? सगळ्या वर्गाचं वीस आलंय. दुरुस्त करून आण, सही देतो."

"सर, चारदा मोजलंय. पंधराच येतं."

"म्हणजे साठ जण चुकले आणि तू बरोबर?"

तू काय म्हणायला हवं होतंस, ते मी नंतर शंभर वेळा मनात घोळवलंय. 'पुन्हा करून बघते सर' असं म्हणायचं. मान खाली घालायची. पण तू आपल्या त्या आवाजात, सगळ्यांसमोर म्हणालीस, "सर, भिंग खिडकीसमोर धरा ना. बाहेरच्या झाडाची प्रतिमा कागदावर किती अंतरावर पडते ते बघा. एक मिनिटाचं काम आहे." आणि मागून कोणीतरी हसलं. ते हसू नसतं तर सरांनी कदाचित भिंग उचललंही असतं. त्यांचा चेहरा लाल झाला. "मला शिकवू नकोस," ते म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू हिची पार्टनर ना? एकाच टेबलावर केलंत ना? तुझं किती आलं?"

कुसुम, त्या वेळी माझ्या मनात आलं ते सगळं सांगते. पंधरा म्हटलं तर ते माझी वही बघणार, तिथे वीस. मग विचारणार, वीस कुठून आलं? मग साठ जणांना विचारणार, मग ते जुनं जर्नल निघणार, त्यावर आतेभावाचं नाव. आणि ते आणलं कोणी? माझे वडील कॉलेजात बोलावले जाणार. हे सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं. आणि तू माझ्याकडे पाहत नव्हतीस. मुद्दाम खिडकीबाहेर बघत होतीस, मला अवघड होऊ नये म्हणून. हे मला तेव्हाही कळलं.

"वीस, सर," मी म्हणाले.

सरांनी तुझी वही मिटली. "उद्या दुपारपर्यंत दुरुस्त करून आण," एवढंच म्हणाले. म्हणजे दार उघडंच होतं. एक आकडा खोडायचा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी मी लॅबोरेटरीच्या पायऱ्यांवर तुझी वाट पाहत बसले होते. तू आलीस, वही काखेत, आणि सरळ पुढे लायब्ररीकडे निघून गेलीस. मी धावत मागे आले, म्हटलं, "दुरुस्त केलंस?" तू म्हणालीस, "चुकलेलं असतं तर केलं असतं." तुझी टर्म गेली.

घरी तू काय सांगितलंस ते मला तुझ्या आईकडून कळलं. बाबांनी विचारलं, काय झालं, तर तू म्हणालीस, "नाही जमलं." बास. एवढंच. खरं सांगितलं असतंस तर तुझे बाबा तसेच गिरणीच्या कपड्यांत कॉलेजात गेले असते आणि तिथून आमच्या घरी आले असते. तू मला वाचवलंस. त्यांनी मग चाळीत सांगितलं, गावी पत्रातून कळवलं, की सायन्स चेडवाक, म्हणजे पोरीला, झेपूक नाय. पुढे तुला बघायला माणसं यायची तेव्हाही ते प्रामाणिकपणे आधीच सांगून टाकायचे, "सायन्स झेपूक नाय तिका, पण बी.ए. झाली, मास्तरीण आसा." लपवाछपवी त्यांना जमत नसे. तू आत चहा गाळत हे ऐकत असायचीस. एकदा मी तुझ्या शेजारीच उभी होते. तू गाळणं आपटलंस.

अजून एक सांगायचं राहिलंय, ते तुला कधीच कळलं नाही. पुढच्या वर्षी, मी ज्युनिअर बी.एस्सी.ला असताना, सबनीस सर लॅबोरेटरीतल्या सामानाची यादी तपासत होते आणि मी मदतीला होते. एकेक भिंग उचलून ते खिडकीसमोर धरायचे आणि मी यादीत लिहायचे. त्या भिंगाशी आल्यावर ते म्हणाले, "अरे, हे तर पंधराचं. वीसचं कुठे गेलं?" शिपायाने सांगितलं की ते मागच्या वर्षीच्या जूनमध्येच फुटलं आणि त्याने कपाटातलं दुसरं लावून टाकलं. सर हसले. "म्हणजे वर्षभर ह्यावरच प्रयोग झाले आणि कोणाच्या लक्षात आलं नाही!" मी यादीत पंधरा लिहिलं. तुझं नाव माझ्या ओठांवर होतं. त्या वेळी सांगितलं असतं तर कदाचित काही झालंही असतं, तू तेव्हा नुकतीच इंटर आर्ट्सला बसली होतीस. मी पान उलटलं.

बाबांनी सायन्सला तिसरं वर्ष दिलं नाही, पण आर्ट्सला जाऊ दिलं. तू गेलीस ती रडत नाही, धुसफुसत गेलीस. पहिले दोन महिने तू सगळ्या प्रोफेसरांच्या नकला करायचीस. "निदान इथे सबनीस नाही," म्हणायचीस. मग इतिहासात तुझा जीव रमायला लागला, आणि मला आधी वाटलं की तू मनाची समजूत घालतेयस. पण नाही. तू इतिहासालाही तेच विचारायला लागलीस. हे कोणी पाहिलं? पाहणारा कुठे उभा होता? त्याने लिहिलं कधी, त्याच दिवशी की वीस वर्षांनी? तुझे प्रोफेसर चक्रावले असतील. बी.ए.ला तुला माझ्या बी.एस्सी.पेक्षा चांगला क्लास मिळाला. हे मी तुला तोंडावर कधी कबूल केलं नाही, तर आता करते.

मग शिक्षकीच्या पदवीला, बी.टी.ला, आपण पुन्हा एका बाकावर आलो. मी एक वर्ष कुठे कुठे शिकवून, तू सरळ बी.ए. करून. सरावाचे पाठ दादरच्या एका शाळेत असायचे. एकजण शिकवणार, प्रोफेसर आणि आपल्यातलेच चारपाच जण मागच्या बाकांवर बसून निरीक्षण वहीत शेरे लिहिणार. माझा पाठ होता बहिर्गोल भिंग. चिठ्ठी टाकून विषय ठरला होता, मी निवडला नव्हता. तक्ते रंगीत, मेणबत्ती, पांढरा पुठ्ठा, सगळं झकास चाललं होतं. एका मुलाने मोजलं आणि म्हणाला, "बाई, बारा येतंय." भिंग दहाचं होतं. मी म्हटलं, "दहा असायला हवं. दहा लिही." आणि पुढे गेले. पाठ संपल्यावर प्रोफेसर म्हणाले, उत्तम. आणि तुझ्या वहीत तू लिहिलं होतंस, 'मुलाने स्वतः मोजलेला आकडा शिक्षिकेने न बघता बदलायला लावला.'

मी संतापले. समुद्राकडे जाऊन बसलो आपण, तिथे कठड्यावर. तोवर कॉलेजातल्या त्या गोष्टीबद्दल आपण चार वर्षांत एक अक्षर बोललो नव्हतो.

"काय गं हे लिहिलंस?"

"दिसलं ते."

"सूड उगवतेयस तू."

तू खरंच चकित झालीस. "सूड? तो उगवायचा असता तर सबनीससमोर नसता उगवला? तेव्हा काय कमी होतं माझ्याकडे?"

"एक आकडा गं, कुसुम! खोडून वीस लिहिला असतास तर आज बी.एस्सी. असतीस. कोणाचं काय बिघडलं असतं?"

"आणि तू एक आकडा खरा सांगितला असतास तर?"

"माझी टर्म गेली असती."

"माझी गेलीच की."

तेवढ्यात आपल्या वर्गातल्या दोघी हाका मारत आल्या, भेळ घेऊन, आणि तू सरकून त्यांना जागा केलीस. ते भांडण तिथेच राहिलं. तीन वर्षं आपण एका शाळेत शिकवलं, एका टेबलावर डबा खाल्ला, तरी ते पुरं केलं नाही. माझ्या मनात ते अजून चालू आहे. मी चुकले हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण तू हट्टी होतीस असं मला आजही वाटतं, आणि तू गेलीस म्हणून मी ते मागे घेणार नाही. तुलाही ते आवडलं नसतं.

गोरेगावच्या आपल्या शाळेत मला बाई म्हणून उभं केलंस ते तू. मी आठवीच्या वर्गातून रडत बाहेर आले होते तेव्हा तू म्हणालीस, "त्यांना घाबरतेस ते त्यांना दिसतं. सांगून टाक, मला घाबरायला होतं म्हणून. मग बघ." मी सांगितलं, आणि आश्चर्य म्हणजे पोरं गप्प बसली. तुझ्या वर्गाच्या खिडकीबाहेर मी कितीदा उभी राहिलेय. एकदा तू मुलींना म्हणालीस, आज प्रार्थनेच्या वेळी काय झालं ते प्रत्येकीने लिहा. मग चौघींचं वाचून घेतलंस. चौघींचं वेगवेगळं. एकीने लिहिलं होतं हेडमास्तर रागावले, दुसरीने लिहिलं होतं हसले. मुली भांडायला लागल्या, कोण खरं. तू म्हणालीस, "आता इतिहासाचं पुस्तक काढा." असा धडा मी उभ्या बी.टी.त पाहिला नव्हता. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना जाऊन तुझा आवाज बसायचा, आणि मग आठवडाभर तू फळ्यावर लिहून शिकवायचीस, तरी वर्ग शांत असायचा.

श्रावणात तुला कावीळ झाली. आधी घरीच औषध चाललं, मग इस्पितळ. शेवटच्या रविवारी मी आले तेव्हा तुझे डोळे हळदीसारखे झाले होते. मी ठरवून आले होते. भिंग बदललं होतं हे सांगायचं, यादीचं सांगायचं, माफी मागायची. मी खुर्ची ओढली आणि म्हणाले, "कुसुम, इंटरच्या वेळचं..." तू डोळे न उघडता म्हणालीस, "नववीचे पेपर कोण तपासतंय?" मी म्हटलं, "मी तपासतेय." तू म्हणालीस, "मग उदार हाताने दे गं. त्यांना माझी सवय आहे." मी हसले आणि पुढे बोललेच नाही. तू मला मुद्दाम अडवलंस, की खरंच पेपरांची काळजी होती, हे आता मला कधीच कळणार नाही. बुधवारी तू गेलीस.

आता कालचं.

शोकसभेहून घरी आले ती जेवले नाही. 'झेपलं नाही' हे त्या हॉलमध्ये सगळ्यांनी ऐकलं, तुझ्या मुलींनीसुद्धा, आणि आता तेच राहणार. तुझ्यामागे तुझ्याबद्दलचं एवढंच एक खोटं वाक्य उरावं, आणि ते खोटं आहे हे जगात मला एकटीला माहीत असावं, हे मला सहन होईना. मी काल सकाळी तुझ्या चाळीत गेले. तुझे बाबा गॅलरीत स्टुलावर बसले होते. आता गिरणी सुटलीय त्यांची, पण सवयीने पहाटे चारला उठतात, असं तुझी आई म्हणाली. "बस गो," ते म्हणाले. मी बसले नाही. बसले असते तर पुन्हा हेडमास्तरांसारखं चांगलंचुंगलं बोलले असते.

मी उभ्यानेच सांगितलं. भिंग, पंधरा, वीस, आतेभावाचं जर्नल, सरांनी मला विचारलं ते, मी काय म्हणाले ते, आणि सामानाच्या यादीचंही. त्यांना भिंगाचं फारसं कळलं नसावं. मी दोनदा सांगितलं. ते माझ्याकडे न बघता ऐकत होते, अगदी तुझ्यासारखे बाहेर बघत.

"म्हंजे तिचा उत्तर बरोबर होता?" त्यांनी विचारलं.

"हो. तिचंच एकटीचं बरोबर होतं."

"मगे तिना माका कित्याक सांगूक नाय?"

"माझं नाव आलं असतं म्हणून."

मला वाटलं, आता ओरडतील, आणि ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "सात वर्सां मी लोकांका सांगत रवलंय, चेडवाक झेपूक नाय म्हणान. तिच्या तोंडार सांगलंय." मग त्यांचा चेहरा असा झाला की मी मान वळवली. तुझी आई आतून ओल्या हातांनी बाहेर आली. ते तिला म्हणाले, "आयकलंस गो? आपल्या चेडवाक झेपला होता."

तुझ्या आईला काही कळेना. ती माझ्याकडे बघायला लागली, त्यांच्याकडे बघायला लागली. तोवर ते उठले होते. गुडघे धरून, कठड्याला हात लावत ते शेजारच्या दारात गेले आणि कडी वाजवली. "दाजीनू, भायर येवा. आमच्या कुसुमचा सायन्स बरोबर होता. ह्या सुमनान स्वतःच्या तोंडान सांगितल्यान." दाजी बनियनवर बाहेर आले. मग पलीकडचं दार. मग त्यापलीकडचं. माणसं गॅलरीत येऊन उभी राहिली, आणि प्रत्येक दारात त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं, माझ्या नावासकट, मी काय खोटं बोलले ते सांगून. सगळे माझ्याकडे बघत होते. जिना माझ्या पाठीमागेच होता, चार पावलांवर. मी तिथेच उभी राहिले, कुसुम, शेवटचं दार होईपर्यंत.